एचडीआर लागलं की टीव्ही काळा पडतो: दोष कुठे शोधायचा आणि नवा घेताना काय बघायचं

गणपतीचं विसर्जन झालं, चाकरमानी मुंबईला परतले, की माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीचा हंगाम सुरू होतो. पोरग्याने सेलमध्ये मोठा टीव्ही घेऊन दिलेला असतो. आरतीला आलेला प्रत्येक जण "केवढो मोठो!" म्हणून जातो. मग पोरगा जातो, घरात दोन म्हातारी माणसं उरतात, आणि दसऱ्याच्या आत फोन येतो की टीव्ही काळा पडतोय.

मी मालवण तालुक्यात टीव्ही लावतो, डिश जुळवतो, जमेल तेवढी दुरुस्ती करतो. या तक्रारीसाठी मागचं झाकण उघडायची वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे. तरी तक्रार खोटी नसते. चित्र खरंच काळं दिसतं, मी स्वतः बघतो. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

आचऱ्याचं एक घर घ्या. काका फोनवर म्हणाले, "बातमी बरी दिसता. पण झिलान लावन दिलेली शिरेल सुरू केली की माणसां दिसनत नाय. कोपऱ्यात एचडीआर असा येता आणि काळोख पडता." कंपनीचा माणूस वॉरंटीत येऊन रिसेट मारून गेला होता, फरक शून्य. मी दुपारी दोनला पोचलो. जांभ्याचं घर, ओटीच्या भिंतीवर ५५ इंची पडदा, समोर सताड उघडं दार, दारापलीकडे खळं आणि त्यावर ऑक्टोबरचं ऊन. वर छपरात एक काचेचं कौल, आणि त्यातून आलेला उन्हाचा चौकोन पडद्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर पडलेला. शिरेल लावली. रात्रीचा प्रसंग होता. पडद्यात मला नायकाऐवजी मी दिसत होतो, मागे काकी सुपात तांदूळ निवडताना दिसत होत्या.

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, एकाच चित्रात खोल काळोख आणि लखलखाट दाखवायची पद्धत) म्हणजे चित्र जास्त उजळ, असं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं, दुकानदारांनीसुद्धा. तिथूनच घोळ सुरू होतो.

साध्या चित्रात, म्हणजे एसडीआरमध्ये, सिग्नल फक्त प्रमाण सांगतो: हा भाग पूर्ण पांढरा, हा निम्मा, हा काळा. पूर्ण पांढरा म्हणजे नक्की किती उजेड, ते टीव्हीवर सोडलेलं असतं. स्टुडिओत हे चित्र १०० निट्सच्या हिशेबाने तयार करतात (निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कँडेला), पण घरी आपण बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) पूर्ण चढवून ते ३०० निट्सवर बघतो. सगळंच चित्र तिप्पट उजळतं आणि कुणाची तक्रार नसते.

एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन हे एचडीआरचे प्रकार ज्या पद्धतीवर चालतात ती २०१४ साली प्रमाण झाली. तिला पीक्यू म्हणतात. तिच्यात सिग्नल प्रमाण न सांगता थेट आकडा सांगतो: चेहऱ्याचा हा गाल ६० निट्स, कंदिलाची वात ९०० निट्स, मागची भिंत अर्धा निट. पद्धतीची कमाल १०,००० निट्सपर्यंत जाते. सिनेमे आणि मालिका बहुधा १००० किंवा ४००० निट्सच्या पडद्यावर रंगवून तयार होतात. म्हणजे चेहरा जवळपास होता तिथेच राहतो. वाढतं काय, तर वात, पाण्यावरची चकाकी, गाडीचे दिवे. दशावतारात राजा रंगमंचावर येतो तेव्हा दिव्याखाली मुकुटाचे आरसे आणि जर लखलखते, पण मागचा पडदा काळाच असतो आणि चेहरा आहे तेवढाच उजळ असतो. एचडीआरला तो फरक दाखवायचा असतो.

आता ३०० निट्सचा टीव्ही त्या ९०० निट्सच्या वातीचं काय करणार? दोनच वाटा. एक, ३००च्या वरचं सगळं सपाट पांढरं करून टाकायचं. दुसरी, सगळंच चित्र थोडं थोडं खाली दाबून वात त्यात बसवायची. याला टोन मॅपिंग म्हणतात. स्वस्त टीव्ही बहुधा दुसरी वाट धरतात आणि चेहरा आणखी खाली जातो. एसडीआरमध्ये जो गाल तुम्ही १५० निट्सवर बघत होता तो आता ४०वर आला. काकांना काळोख दिसला तो हा.

पेटीवर "एचडीआर" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की हा टीव्ही तो सिग्नल घेतो. घेतलेलं दाखवण्याची ताकद त्याच्यात आहे का, याबद्दल तो शिक्का काही बोलत नाही.

आधी घरातल्या घरात काय तपासायचं

पहिली गोष्ट सांगतो, कारण दहातली आठ माणसं इथे फसतात आणि मीही सुरुवातीला फसायचो. टीव्ही एसडीआर, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन यांच्या सेटिंग वेगवेगळ्या लक्षात ठेवतो, शिवाय प्रत्येक एचडीएमआय पोर्टची (बॉक्स किंवा स्टिक जोडायची जागा) वेगळी. तुम्ही बातम्या चालू असताना बॅकलाइट वाढवलात तर तो बातम्यांचाच वाढला. एचडीआरची सेटिंग बदलायची तर आधी एचडीआर चित्र सुरू करायचं, कोपऱ्यात खूण आली की मगच रिमोटवरून पिक्चर मेनूत शिरायचं. कंपनीच्या माणसाने आचऱ्यात रिसेट मारला तो होम स्क्रीनवरून. फरक पडणार कसा?

खूण येत नसेल तर यूट्यूबवर एचडीआर व्हिडिओ लावून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा. रंगाच्या ओळीत "बीटी २०२०" आणि "एसएमपीटीई २०८४" असं काही दिसलं तर एचडीआर चालू आहे. "बीटी ७०९" दिसलं तर साधं चित्र चालू आहे आणि तुमची तक्रार वेगळी आहे. डीटीएचच्या बॉक्सवरच्या बहुतेक वाहिन्या एसडीआरच असतात, त्यामुळे तिथे एचडीआर शोधत बसू नका. नेटफ्लिक्सवर ४के आणि एचडीआरसाठी प्रीमियम प्लॅन लागतो आणि कंपनी स्वतः १५ एमबीपीएसचा वेग सांगते. आमच्याकडे पावसात फायबरची तार कुठेतरी झाडाखाली गेली की हा वेग गेला, आणि मग काळोख्या प्रसंगात भिंतीवर चौकोन-चौकोन दिसायला लागतात. त्याला टीव्ही जबाबदार नाही.

मग वीजबचत. एनर्जी सेव्हिंग, इको, पॉवर सेव्हिंग, नाव काहीही असेल. कोकणात हे हमखास चालू सापडतं, कारण घरात इन्व्हर्टर असतो आणि पावसाळ्यात कुणीतरी "बॅटरी जास्त वेळ चालूक व्हयी" म्हणून ते चालू केलेलं असतं. एचडीआरला बॅकलाइट पूर्ण लागतो आणि ही सेटिंग नेमका तोच कापते. (एचडीआरला वीज जास्त जाते हे खरंच आहे, युरोपात टीव्हीच्या लेबलवर एसडीआर आणि एचडीआरचे वेगळे आकडे छापावे लागतात.) ती बंद करा. टीव्हीला खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर असेल आणि तो समईजवळ किंवा शोभेच्या फुलदाणीमागे झाकला गेला असेल, तर टीव्हीला वाटतं की खोलीत अंधार आहे आणि तो स्वतःहून मंद होतो. एका घरात सेन्सरवर देवाचा हार लोंबत होता.

पुढे "ब्राइटनेस" या शब्दाचा घोटाळा. बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी, आणि खरा उजेड "बॅकलाइट" नावाच्या वेगळ्या पट्टीवर असतो. काहींत उलट: ब्राइटनेस म्हणजेच दिवे, आणि काळ्याला "ब्लॅक लेव्हल" म्हणतात. ओळखायची युक्ती: सिनेमाच्या वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात त्यांच्याकडे बघत पट्टी सरकवा. पट्ट्या राखाडी झाल्या आणि चित्र धुरकटलं, तर तुम्ही चुकीची पट्टी धरली आहे. ती मूळ आकड्यावर परत न्या. बॅकलाइट मात्र एचडीआरमध्ये कमालीवर असायला हवा.

पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवला की रंग बरोबर येतात, पण रात्री, दिवे कमी करून. दुपारी त्याच मोडला दोष देण्यात अर्थ नाही. डॉल्बी व्हिजनमध्ये बहुतेक टीव्ही "ब्राइट" आणि "डार्क" असे दोन मोड देतात, दिवसा ब्राइट. "डायनॅमिक टोन मॅपिंग" किंवा तशा अर्थाचं काही असेल तर ते चालू करून बघा. दिग्दर्शकाने ठरवलेलं चित्र त्याने थोडं बदलतं म्हणून जाणकार नाक मुरडतात, पण ओटीवर तीन वाजता मालिका बघणाऱ्या माणसाला चेहरा दिसणं महत्त्वाचं.

हे सगळं करूनही चित्र काळंच राहिलं आणि तुम्ही बाहेरची स्टिक किंवा बॉक्स वापरत असाल, तर मी सरळ सांगतो: एचडीआर बंद करा. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंजचा पर्याय असतो, तिथे एचडीआर बंद करता येतं. २५०-३०० निट्सच्या पॅनेलवर चांगलं एसडीआर हे ओढूनताणून आणलेल्या एचडीआरपेक्षा कधीही बरं दिसतं. टीव्हीतल्याच ॲपमध्ये बघत असाल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय नसते, तिथे ब्राइट मोडवरच भागवावं लागतं. आणि त्याच स्टिकमध्ये "नेहमी एचडीआर" असा पर्याय निवडला गेला असेल तर साध्या बातम्यासुद्धा विचित्र रंगात दिसतील; तो "ॲडॅप्टिव्ह"वर ठेवायचा.

काळं नाही, फिकट दिसतंय

हा वेगळा आजार आहे. चित्र धुतल्या लुगड्यासारखं, रंग उडालेले, काळा राखाडी. इथे सिग्नल एचडीआरचा आहे पण दाखवणाऱ्याला ते कळलेलंच नाही, तो त्याला साधं चित्र समजून दाखवतोय. पेनड्राइव्हवरून किंवा जुन्या बॉक्समधून दहा-बिटची फाइल चालवली की हे होतं. फाइल चांगली, टीव्ही चांगला, मधला दलाल वाईट. ती फाइल टीव्हीच्या यूएसबीत थेट लावून बघा.

एचडीएमआयने जोडलं असेल तर त्या पोर्टची क्षमता मेनूतून उघडावी लागते. एका कंपनीत तिला "डीप कलर" म्हणतात, दुसरीत "इनपुट सिग्नल प्लस", तिसरीत "एन्हान्स्ड फॉरमॅट". ती बंद असली तर एचडीआर येतच नाही किंवा अर्धवट येतं. आयफोन १२ आणि पुढचे फोन व्हिडिओ मुळातच डॉल्बी व्हिजनमध्ये घेतात. तो व्हॉट्सॲपवरून फिरून टीव्हीवर आला आणि लग्नातला शालू फिका दिसला तर शालूला आणि टीव्हीला दोघांनाही माफ करा.

लॅपटॉपचं थोडक्यात: विंडोज ११ मध्ये एचडीआर चालू केलं की बाकीचं सगळं डेस्कटॉप फिकट दिसतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये "एसडीआर कंटेंट ब्राइटनेस"ची पट्टी असते, ती जुळवा. नाहीतर विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकदम दाबून लागेल तेव्हाच एचडीआर चालू-बंद करा.

तिसरा प्रकार आमच्या किनाऱ्याचा. देवबागला खाडी आणि समुद्राच्या मधल्या पट्टीवर एका होमस्टेत टीव्ही एचडीआरवर गेला की दोन सेकंद काळा व्हायचा, परत यायचा, परत काळा. पाहुण्यांनी तक्रार केली म्हणून मला बोलावलं. एचडीएमआयची पिन बाहेर काढली तर तिचं सोनेरी टोक निस्तेज झालेलं आणि कडेला हिरवट गंज. एसडीआरला लागणारा डेटा त्या तारेतून जात होता, ४के एचडीआरचा जात नव्हता. एचडीएमआय २.० ची तार सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत नेते, पण टोकं स्वच्छ असली तर. नवी, आखूड, प्रमाणित तार लावली, पोर्ट कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला, आजार गेला. खारं वारं लागणाऱ्या घरात पावसाळ्याआधी एकदा या पिना काढून बघायची सवय ठेवा. टीव्हीचा प्लग काढल्याशिवाय हात घालू नका.

खोलीचा हिशेब

आता परत आचऱ्याच्या ओटीवर. सेटिंग सगळ्या बदलल्या, थोडा फरक पडला, पण काका खूश नव्हते. मग मी काकींकडून एक चादर मागितली, दार आड केलं, चादर खिडकीवर टाकली, आणि काचेच्या कौलाखाली काठीने पोतं धरलं. काका म्हणाले, "आता माणसां दिसतत!" टीव्ही तोच, सेटिंग त्याच.

आकड्यांत बघा. उघड्या दाराजवळ उजेड १००० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) सहज असतो. तेवढ्या उजेडात चुन्याची पांढरी भिंत साधारण २५० निट्सने उजळते. म्हणजे भिंतच तुमच्या टीव्हीएवढी पेटलेली. पडद्याने त्या उजेडाचे फक्त दोन टक्के परत फेकले तरी पडद्यावर सहा निट्सचा पांढुरका थर बसतो. एचडीआरमधला रात्रीचा प्रसंग बराचसा पाच निट्सच्या खाली रंगवलेला असतो. तो त्या थराखाली गेला. कुठल्याही कंपनीचा कुठलाही पडदा असो, तो तिथून वर येणार नाही.

यातून खरेदीसाठी एक गोष्ट निघते आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. ओएलईडीची सगळी जादू तिच्या काळ्यात आहे: प्रत्येक ठिपका स्वतः विझतो, काळा म्हणजे शून्य. पण दुपारी ओटीवर त्या शून्याचे सहा होतात. म्हणून दिवसा उघड्या घरात बघणाऱ्याला मी ओएलईडी सुचवत नाही, पैसे असले तरी. रात्री नऊनंतर दार लावून माजघरात सिनेमा बघणाऱ्याला मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही.

दुकानात

दुकानातला टीव्ही स्टोअर मोडमध्ये असतो: निळसर पांढरा, रंग भडक, आणि चालू असलेला व्हिडिओ म्हणजे पोपट, फळं आणि रंगीत रांगोळी. काळोख नावालाही नाही. असला व्हिडिओ ३०० निट्सच्या टीव्हीवरही छान दिसतो. दुकानदाराला सांगा, होम मोड कर, सिनेमा मोड लाव, आणि माझी फाइल चालव. पेनड्राइव्हवर रात्रीचा प्रसंग असलेलं काहीतरी एचडीआर न्या, खाली पांढरी सबटायटल येणारं असेल तर उत्तम.

कारण सबटायटल ही सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली की तिच्याभोवती काय होतं ते बघा. अक्षरांमागे काळं जसंच्या तसं राहिलं तर ती ओएलईडी. ओळीभोवती मंद वलय आलं तर मागे दिव्यांचे छोटे छोटे भाग आहेत, म्हणजे फुल-अ‍ॅरे किंवा मिनी-एलईडी. वलय जेवढं लहान तेवढे भाग जास्त. ओळ आल्यावर पडद्याचा वरपासून खालपर्यंत उभा पट्टा उजळला तर दिवे फक्त कडेला आहेत. आणि काहीच बदललं नाही, सगळं काळं आधीपासूनच राखाडी होतं, तर त्या टीव्हीत लोकल डिमिंग, म्हणजे मागचे दिवे भागाभागाने मंद करायची सोय, नाही. शेवटच्या दोघांवर एचडीआरचा शिक्का असला तरी तो मनातून पुसून टाका आणि साधा ४के टीव्ही म्हणून भाव करा. साधा म्हणून ते वाईट नसतात.

पॅनेलचे दोन प्रकार विचारा. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००ला १, म्हणजे पांढरं ३०० निट्स असताना काळं ०.३. व्हीएचा ३००० ते ६०००, काळं बरंच खोल. मग सगळ्यांनी व्हीए का घेऊ नये? कारण गणपतीत तुमच्या घरात वीस माणसं ओटीभर पसरून बसतात, आणि व्हीए बाजूने बघितला की फिकटतो. दुकानात समोर उभं राहून टीव्ही निवडू नका. चार पावलं डावीकडे जा, खाली बसा, मग बघा.

आकड्यांमध्ये मी एकच आकडा मागतो: पडद्याच्या दहा टक्के भागावर पांढरं दाखवताना किती निट्स. ६००च्या खाली असेल तर एचडीआरसाठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. १०००च्या आसपास असेल आणि दिव्यांचे भाग शेकड्यांत असतील तर फरक नजरेला कळतो. विक्रेत्याकडे हा आकडा नसतो, पण स्वतंत्रपणे टीव्ही मोजणाऱ्या साइटवर मोठ्या मॉडेलचा सापडतो. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण एकाच नावाखाली भारतात वेगळं पॅनेल येऊ शकतं.

दहा-बिट रंग म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या १०२४ पायऱ्या, एकूण सुमारे १०७ कोटी छटा; आठ-बिटमध्ये २५६ पायऱ्या आणि १.६७ कोटी छटा. पायऱ्या कमी पडल्या की तारकर्लीच्या सूर्यास्तात आकाशाला चिरांसारखे पट्टे दिसतात. काही कंपन्या आठ-बिटचं पॅनेल वेगाने लुकलुकवून दहाचा भास आणतात आणि पेटीवर १०७ कोटीच छापतात. भास चांगला असतो, माझी त्याला फारशी हरकत नाही. रंगांचा आवाका जास्त महत्त्वाचा: डीसीआय-पी३ (सिनेमासाठी ठरवलेला रंगांचा आवाका) चे नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर ठीक.

नावांच्या भानगडीत फार वेळ घालवू नका. एचडीआर१० सगळ्यांत असतं. ते संपूर्ण सिनेमासाठी एकच माहिती देतं. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लस प्रसंगाप्रसंगाची माहिती देतात, त्यामुळे कमी ताकदीच्या टीव्हीला वात कुठे दाबायची ते नीट कळतं. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, एलजीच्या ओएलईडीत एचडीआर१० प्लस नसतं; तुम्ही जे ॲप जास्त बघता त्यावर काय येतं ते बघून ठरवा. एचएलजी हा बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने प्रसारणासाठी काढलेला प्रकार, त्यात आकडे ठाम नसतात, म्हणून तो दिवसा थोडा कमी त्रास देतो. पुढे "प्रो", "अल्ट्रा", "मॅक्स" लागलं असेल तर ते कंपनीचं कौतुक आहे, प्रमाण नाही. मॉनिटरवर मात्र व्हेसा या पडद्यांची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचा डिस्प्लेएचडीआर ४००, ६००, १००० असा शिक्का असतो, २०१७ च्या डिसेंबरपासून. त्यातला ४०० जवळपास नावापुरता, कारण त्यात लोकल डिमिंगची सक्ती नाही. ६०० पासून पुढे बोला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी ५० हजाराला पडणारा टीव्ही त्यामुळे साधारण ४६ हजारांवर यायला हवा. या चार हजारांत लोक पडद्याचे इंच वाढवतात. कुडाळच्या एका शिक्षक जोडप्याने मला विचारलं तेव्हा त्यांच्यापुढे ६५ इंची कडेच्या दिव्यांचा आणि ५५ इंची मिनी-एलईडी असे दोन पर्याय होते, भाव जवळपास सारखा. सर इंचांकडे, बाई चित्राकडे. मी विचारलं, टीव्ही बघता कधी? दुपारी शाळेतून आल्यावर बाई, रात्री दोघं, खिडकी पश्चिमेला. मी ५५ सांगितला. सर दोन दिवस नाराज होते.

टीव्ही घरी आला की पेटी आणि थर्माकोल लगेच माडाखाली फेकू नका. बदलून मिळायची मुदत बिलावर वाचा; ती बहुधा माल हातात पडल्यापासून मोजतात, मी येऊन भिंतीवर लावल्यापासून नाही. त्या मुदतीत एकदा दुपारी आणि एकदा रात्री, तोच काळोखा प्रसंग लावून बघा. दोन्ही वेळा काळा दिसला तर टीव्ही परत करा. फक्त दुपारी दिसला तर पडदे शिवून घ्या.

आचऱ्याच्या काकांची मुदत मी पोचायच्या आधीच संपली होती. त्यांनी दाराला जाड पडदा लावला आणि काचेचं कौल काढून त्या जागी साधं बसवलं. काळोखाची तक्रार काकांकडून परत आली नाही. आता काकींचा फोन येतो: ओटीवर तांदूळ निवडूक दिसना नाय.